कॉफी शॉपसारखे एग बाईट्स घरी: ओव्हन की इडलीपात्र?

निवांतसकाळ:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच पाककृती विभागात धागा काढतेय कारण आता अंडी आणि धीर दोन्ही संपत आलंय.

लेक हिंजवडीला नोकरीला लागली, कोथरूडहून कंपनीची बस पावणेसातला असते. एवढ्या सकाळी पोहे-उपमा घशाखाली उतरत नाही म्हणते आणि चहा-बिस्किटावर निघते, मग दुपारपर्यंत पोटात काही नाही. गेल्या महिन्यात मैत्रिणींबरोबर एका कॉफी शॉपमध्ये तिनं ते एग बाईट्स खाल्ले, छोट्या वाटीएवढे गोल, आतून अगदी मऊ, चीजची चव, आणि घरी येऊन म्हणाली आई हे मी रोज सकाळी खाईन. दोन नगांना अडीचशेच्या वर पैसे, रोज कोण घेणार. म्हणलं करू घरी, अंडी आणि चीज तर आहे.

पहिल्या खेपेला ओटीजीमध्ये मफिनचा ट्रे लावला, १८० अंशावर २० मिनिटं. टम्म फुगले, बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत बसले आणि प्रत्येकाच्या बुडाशी पाणी. दुसऱ्या खेपेला इडलीचं स्टँड कुकरमध्ये, शिट्टी काढून, मोठ्या गॅसवर १२ मिनिटं. आमच्या इडलीच्या ताटल्यांना बारीक भोकं आहेत हे लक्षातच आलं नाही, निम्मं मिश्रण कुकरच्या पाण्यात गेलं, उरलं त्याला ढोकळ्यासारखी जाळी आणि चावायला रबर. तिसऱ्या वेळी हलके व्हावेत म्हणून पाव चमचा बेकिंग पावडर घातली, ते तर सगळ्यात वाईट झाले.

मला तो मऊपणा हवाय. ऑम्लेटचा नाही, त्या दुसऱ्या जातीचा. कोणी घरी केलेत का?

कर्वेरोड:
मस्त धागा, वाखु (वाचनखूण) साठवली. मला वाटतं क्रीम कमी पडतंय, भरपूर घाला.

पाटावरवंटा:
निवांतसकाळ, तू खरवस केला आहेस ना कधी? मग तुला हे येतं, फक्त लक्षात आलेलं नाहीये.

माझं माहेर साताऱ्याकडचं. गाय व्याली की चीक यायचा आणि आजी पातेलं उकळत्या पाण्यात ठेवून वर ताटली, ताटलीवर फडकं, आणि चुलीतली लाकडं मागे ओढून घ्यायची. जाळ मोठा राहिला की खरवसाला जाळी पडते, पाणी सुटतं, आणि ताटलीत वडी थरथरायच्या ऐवजी ताठ उभी राहते. चिकात प्रथिनं इतकी असतात की तो नुसत्या उष्णतेनं घट्ट होतो, विरजण नको काही नको. अंड्याचंही तेच आहे. तू ढोकळा करायला गेलीस, करायचा होता खरवस. ढोकळ्याला खळखळती वाफ आणि सोडा लागतो कारण तिथे जाळी हवी असते, इथे जाळी म्हणजे बिघडलं.

बेकिंग पावडर तर अजिबातच नको.

निवांतसकाळ:
पाटावरवंटा ताई, हे वाचून मी खुर्चीतून उठून नवऱ्याला वाचून दाखवलं. खरवस! आमच्याकडे दूधवाल्याकडून चीक आला की मीच करते आणि गॅस बारीक ठेवते, अंड्याला मात्र मोठा ठेवला. डोक्यात अंडं म्हणजे तवा एवढंच असतं.

सिअ‍ॅटलहून_परत:
मी चार वर्षं सिअ‍ॅटलजवळ होतो आणि ऑफिसखालच्या स्टारबक्समध्ये हे जवळजवळ रोज खाल्लेत, म्हणून थोडं लिहितो. स्टारबक्सनं अमेरिकेत हे जानेवारी २०१७ मध्ये आणले, सुरुवातीला दोनच प्रकार होते, एक बेकन आणि ग्रुयेर चीजचा आणि दुसरा नुसत्या पांढऱ्या बलकाचा, भाजलेली लाल सिमला मिरची घातलेला. नाव ‘सू व्हीड एग बाईट्स’. सू व्हीड म्हणजे फ्रेंचमध्ये निर्वात, पदार्थ पिशवीत बंद करून ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात हळूहळू शिजवायची पद्धत. दुकानात ते शिजवत नाहीत, शिजवून आलेलेच असतात, तिथे फक्त ओव्हनमध्ये गरम करून देतात. त्यामुळे तिथला ओव्हन बघून घरी ओव्हनमध्ये करायला गेलं की फसायला होतं.

तिकडे घरी करणारे लोक छोट्या काचेच्या बरण्यांत मिश्रण भरून ७८ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवतात. पुण्यात ते पाण्याचं तापमान स्थिर ठेवणारं यंत्र घ्यायची गरज नाही, पण ७८ हा आकडा लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट, कॉटेज चीज, म्हणजे ओलसर, दाणेदार ताजं चीज. मऊपणा अर्धा त्यातून येतो. अंडी, कॉटेज चीज आणि किसलेलं चीज मिक्सरमधून एकजीव करतात. नुसतं अंडं फेटून ते होणार नाही, कितीही बारीक गॅसवर केलं तरी.

कर्वेरोड:
म्हणजे क्रीम नाही?

सिअ‍ॅटलहून_परत:
क्रीमनंही चालेल पण नुसतं क्रीम घातलं की तुपकट लागतं. कॉटेज चीजमध्ये स्निग्धांश कमी आणि प्रथिनं जास्त, त्यामुळे बाईट आकार धरून राहतो आणि तरी मऊ लागतो.

वाफेचं_इंजिन:
माझा पेशा बॉयलरचा आहे त्यामुळे राहवत नाही, जरा लांब लिहितोय.

अंड्याचा पांढरा ६२ अंशाच्या आसपास धरायला लागतो, पिवळा ६५ ते ७० ला. दूध, पनीर वगैरे मिसळलं की प्रथिनं विरळ होतात आणि घट्ट व्हायला जास्त तापमान लागतं, म्हणून तो ७८ ते ८० चा आकडा. त्याच्या पुढे जसजसं तापमान चढतं तसतशी प्रथिनांची जाळी आवळत जाते आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढते. तुमच्या पहिल्या बॅचच्या बुडाशी होतं ते पाणी हेच. फडकं पिळल्यासारखं.

आता पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशाला उकळतं. झाकण घट्ट लावून खळखळ उकळलं की भांड्यातली वाफ तेवढीच गरम, म्हणजे तुम्हाला हवं त्यापेक्षा जवळजवळ वीस अंश वर. बाहेरचा थर जळतो म्हणा ना, आतला कच्चा असतानाच. उपाय सोपा आहे, झाकण पूर्ण लावू नका. लाकडी उलथनं आडवं ठेवून त्यावर झाकण कलतं ठेवा, बाहेरची हवा आत शिरते आणि वाफ पातळ होते. मी माझ्या मोदकपात्रात थर्मामीटर घालून बघितलं, झाकण बंद असताना ९७, उलथनं अडकवल्यावर आणि गॅस बारीक केल्यावर ८८ ते ९०. चिनी लोक वाफवलेलं अंडं करताना हेच करतात.

आणि कुकर वापरणार असाल तर शिट्टी काढूनही झाकण घट्टच बसतं. त्यापेक्षा मोठं पातेलं बरं.

डेक्कनची_सायकल:
रच्याकने (बाय द वे), एवढा खटाटोप करण्यापेक्षा वोहुमन कॅफेचं चीज ऑम्लेट आणि बन मस्का, विषय संपला.

निवांतसकाळ:
वोहुमनचं चीज ऑम्लेट मलाही प्रिय आहे, कॉलेजात असताना रविवारी रांग लावून खाल्लंय. पण ते गरमागरम बसून खायचं, आणि माझी लेक पावणेसातला बसमध्ये असते. हे डब्यात गार झालं तरी चांगलं लागायला हवं.

आल्याचातुकडा:
कॉटेज चीजबद्दल. औंधच्या एका मोठ्या दुकानात डबा मिळाला होता पण महाग आणि दर वेळी नसतो. मी तीन गोष्टी करून बघितल्या. घट्ट बाजारी पनीर: मिक्सरमध्ये रवाळ राहिलं, बाईट्समध्ये कण लागले. चक्का: मऊ झाले पण आंबटपणा जाणवला, चीजबरोबर नाही जमला तो. शेवटी घरी दूध फाडून केलेलं ताजं पनीर, फडक्यात बांधून दाबायचं नाही, नुसतं निथळू द्यायचं दहा मिनिटं, म्हणजे ओलसर राहतं. ते दुधाबरोबर आधी एकटं फिरवून घ्यायचं, अगदी गंधासारखं झालं की मग अंडी. हे सगळ्यात चांगलं. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात सहा अंड्यांपुरतं होतं.

आणि चीज साधं क्यूबवालं अमूलचंच घ्या. प्रोसेस्ड चीजमध्ये पायसकारी क्षार (स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे) असतात त्यामुळे ते वितळून तूप वेगळं सुटत नाही, मी एकदा हौसेनं जुनं मुरलेलं चेडर घातलं तर वर तेलाचे थेंब तरंगले. क्यूब खारट असतो, मीठ हात राखून.

पाटावरवंटा:
भाज्यांचंही सांगते. भाजी कच्ची घालायची नाही. पालक, मश्रूम, सिमला मिरची, कांदा काहीही असो, आधी परतून त्यातलं पाणी आटवायचं आणि गार करायचं. मश्रूम तर कढईत आवाज करायला लागेपर्यंत. टोमॅटो घालणार असशील तर बिया आणि गर काढून. नाहीतर तू गॅस कितीही बारीक ठेव, पाणी भाजीतून येईल.

डबेवाली_आई:
मी हे वडिलांसाठी करते. त्यांच्या चार दाढा काढल्या गेल्या महिन्यात आणि पोळी-भाकरी बंद, नुसती पेज आणि वरण खाऊन अंगातली ताकद गेली होती. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, त्यात पनीर आणि चीज, दोन बाईट्स खाल्ले की मला बरं वाटतं. ते बाईट्स वगैरे म्हणत नाहीत, अंड्याची इडली दे म्हणतात.

टिकण्याबद्दल: पूर्ण गार करून बंद डब्यात फ्रीजमध्ये तीन, फार तर चार दिवस. त्यापुढे नाही. मायक्रोवेव्ह पूर्ण पॉवरवर कधीच नाही, पुन्हा रबर होतं, अर्ध्या पॉवरवर तीस-चाळीस सेकंद, वर ओला टिश्यू. म्हाताऱ्या माणसांसाठी किंवा लहान मुलांसाठी करताना मधोमध सुरी घालून बघा, ओलं मिश्रण लागलं तर अजून ठेवा. आतलं तापमान ७१ च्या वर गेलं की साल्मोनेला जंतूंची काळजी नाही. आणि अंडी आणल्या आणल्या धुऊन ठेवू नका, कवचावरचं संरक्षक आवरण जातं, फोडायच्या वेळी धुवा.

निवांतसकाळ:
काल रात्री आणि आज सकाळी मिळून दोन बॅच केल्या. सविस्तर लिहिते कारण मला कोणीतरी असं लिहून द्यायला हवं होतं.

अर्धा लिटर दूध लिंबानं फाडलं, धुऊन फडक्यात टांगलं दहा मिनिटं, साधारण १०० ग्रॅम पनीर झालं. ते पाव कप दुधात मिक्सरला लावलं, खूप वेळ, मध्ये भांड्याच्या कडा निपटून पुन्हा, बोटावर घेतल्यावर कण लागेना तेव्हा थांबले. मग ६ अंडी, २ क्यूब चीज किसून, एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोर, पाव चमचा मीठ आणि मिरपूड, आणि आता मिक्सर फक्त पल्सवर, चार-पाच वेळा. पहिल्या दिवशी मी मिनिटभर जोरात फिरवलं होतं आणि अर्धं भांडं फेस झाला होता, तो फेसच फुगतो आणि मग बसतो असं माझ्या लक्षात आलंय. पल्स करून मिश्रण गाळणीतून गाळलं, पंधरा मिनिटं तसंच ठेवलं, वर आलेला फेस चमच्यानं काढून टाकला.

इडलीच्या ताटल्या बाद, कारण भोकं. आमटीच्या छोट्या स्टीलच्या वाट्या आठ घेतल्या, आतून लोणी चोपडलं, बुडाशी परतलेला कांदा आणि लाल सिमला मिरची, वर मिश्रण, पाऊण वाटीच भरली. पातेल्यात स्टँड, खाली दोन पेले पाणी, पाणी उकळल्यावर गॅस अगदी बारीक आणि मगच वाट्या आत. झाकणाला आजीसारखं फडकं बांधलं, उलथनं आडवं, झाकण कलतं. १४ मिनिटांनी बघितलं, कडा धरलेल्या आणि मध्ये वाटी हलवली की खरवसासारखं थरथरत होतं. गॅस बंद केला आणि पाच मिनिटं तसंच आत राहू दिलं. वाटी उलटी केली तर आपोआप निसटला.

मऊ! अगदी तसाच नाही, पण त्याच जातीचा. जाळी नाही, पाणी नाही. लेकीनं स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच दोन खाल्ले आणि दोन डब्यात नेले.

सिअ‍ॅटलहून_परत:
अभिनंदन! कॉर्नफ्लोर कशासाठी? मूळच्या घरगुती कृतींमध्ये बरेच लोक घालत नाहीत.

वाफेचं_इंजिन:
स्टार्च प्रथिनांच्या मध्ये मध्ये शिरतो आणि त्यांना घट्ट आवळू देत नाही, थोडं जास्त शिजलं तरी फाटत नाही. यंत्रानं तापमान पकडता येत असेल तर गरज नाही, गॅसच्या शेगडीवर मी घालीनच. पण चमचाभरच, जास्त झालं की पिठूळ लागतं.

पर्वतीपायथा:
तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! माझ्याकडे बिडाचं आप्पेपात्र आहे, त्यात झाकण ठेवून केले तर?

आल्याचातुकडा:
मी केलेत, नका करू. बुडाला थेट आच लागते त्यामुळे खालून ऑम्लेट होतं आणि वरून कच्चं राहतं. शिवाय बिडाच्या लोखंडाशी अंड्यातलं गंधक मिळून खालची बाजू हिरवट-काळपट होते, खायला अपाय नाही पण डबा उघडल्यावर बघवत नाही. आप्पेपात्रात आप्पेच करावेत.

कर्वेरोड:
सिलिकॉनचे साचे कुठे मिळतील? तुळशीबागेत दोन दुकानं फिरलो, फक्त चॉकलेटचे छोटे होते.

डबेवाली_आई:
रविवार पेठेत बोहरी आळीत बघा, बेकिंगच्या सामानाची दुकानं आहेत तिथे. मफिनचे सुटे कप घ्या, एकाच पत्र्यात सात खळगे असलेले नको, ते आपल्या पातेल्यात बसत नाहीत. नवीन साच्याला वास येत असेल तर एकदा पाण्यात उकळून घ्या. सिलिकॉनमध्ये उष्णता हळू शिरते त्यामुळे स्टीलच्या वाटीपेक्षा तीन-चार मिनिटं जास्त लागतात पण कडा फार नाजूक येतात.

पर्वतीपायथा:
सासूबाईंना अंड्याचा वास सहन होत नाही, घरात केलं की त्या गॅलरीत जाऊन बसतात. त्यांना त्रास न होता करायचंय. काही उपाय?

पाटावरवंटा:
अंड्याचा जो उग्र वास म्हणतो ना आपण तो बराचसा जास्त शिजवल्यामुळे येतो, वाफेचं_इंजिन नीट सांगतील पण गंधकाचाच तो प्रकार. मंद वाफेवर केलंस तर घरभर होत नाही. मी कांदा लोण्यावर गुलाबी होईपर्यंत परतते आणि त्यात चिमूटभर जायफळ, काळ्याऐवजी पांढरी मिरपूड. आणि भांडी लगेच गार पाण्यानं विसळायची, गरम पाण्यानं अंडं भांड्याला चिकटतं आणि वासही राहतो. त्यांना आधी विचार मात्र, गॅलरीत बसायला लागू नये म्हणून आपण करतोय हे त्यांना कळलं तर बरं वाटेल.

वाफेचं_इंजिन:
सहमत. जास्त वेळ जास्त तापमानाला ठेवलं की पांढऱ्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्याभोवती हिरवट कडं येतं तेही त्याचंच.

डेक्कनची_सायकल:
मी वर बन मस्का म्हणालो होतो, पण काल करून बघितले. आईला मधुमेह आहे आणि सकाळी पावाऐवजी काय द्यायचं हा आमचा रोजचा प्रश्न. तिला आवडले. चार वाट्या चांगल्या झाल्या, चारांना वर मध्ये खळगा पडला आणि त्यात पाणी. फडकं बांधलं नव्हतं.

निवांतसकाळ:
झाकणाला धरलेल्या वाफेचे थेंब पडले, दुसरं काही नाही. फडकं नसेल तर प्रत्येक वाटीवर फॉइलचा तुकडा सैल ठेवा. आणि काकूंसाठी पालक घालून करा, पालक परतून पिळून घ्या, मिश्रणात चिमूटभर सुंठ, आमच्याकडे उद्या तेच आहे. पनीर आत्ताच टांगलंय.